एका सिलिंडरच्या जुन्या चेन ट्रॅक्टरचा पूर्वेतिहास कसा शोधावा?

प्रवराकाठ (प्रश्न)

नमस्कार. श्रीरामपूर तालुक्यात आमच्या वस्तीवर एक जुना चेनचा ट्रॅक्टर कित्येक वर्षे बाभळीखाली उभा आहे. माझ्या आजोबांनी तो उसाच्या एका मोठ्या फार्मवर झालेल्या लिलावात घेतला, काही काळ जमीन सपाट करण्यासाठी वापरला आणि सुटे भाग मिळेनासे झाल्यावर तो जागेवरच राहिला. तो भंगारात जाऊ नये, आणि निदान कोणी, कुठे, केव्हा बनवला व आमच्यापर्यंत कोणाकोणाच्या हातांतून आला एवढे तरी नीट लिहून ठेवावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी, की कंपनीची पाटी गेलेली असून तिच्या जागी फक्त रिव्हेटची भोके उरली आहेत. गावात सगळे त्याला कॅटरपिलर म्हणतात. घरात असे सांगत आले आहेत, की तो अमेरिकन सैन्याचा होता, महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर राबला आणि नंतर डिस्पोजलमध्ये, म्हणजे सैन्याच्या उरलेल्या सामानाच्या विक्रीत, विकला गेला. इंजिन एकाच सिलिंडरचे आणि आडवे आहे. फ्लायव्हीलवर मळसूत्रासारखी फिरत गेलेली खाच आहे. वडिलांना आठवते, की हँडल मारण्याआधी ड्रायव्हर धुमसत्या कागदाची सुरळी इंजिनाच्या हेडमध्ये बसवत असे, आणि इंजिन चालू झाले की त्याचा एकेक ठोका शेजारच्या वस्तीवर ऐकू येई. सध्याचा रंग पिवळा आहे. तो जिथे उडाला आहे तिथे खाली नारिंगी दिसतो. वाळूच्या फवाऱ्याने सगळा रंग उडवून नवा द्यावा, असे एका वर्कशॉपने सुचवले आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बिडाचे_काम

सर्वप्रथम एक विनंती: वाळूचा फवारा मारू देऊ नका. ठोकलेले नंबर, रंगाचे थर आणि ब्रशने लिहिलेली अक्षरे यांशिवाय या यंत्राचा दुसरा पुरावा आज आपल्या हाती नाही, आणि फवारा तो सगळा एका दुपारीत पुसून टाकील.

आपण दिलेल्या वर्णनावरून हे कॅटरपिलर नव्हे, हे निःशंकपणे सांगता येते. त्या काळातील कॅटरपिलरचे डी-२, डी-४ आणि डी-७ हे डिझेल ट्रॅक्टर चार सिलिंडरचे होते आणि मोठे इंजिन फिरवण्यासाठी त्यांच्यावर पेट्रोलवर चालणारे दोन सिलिंडरचे छोटे इंजिन बसवलेले असे. आडवे, एकाच सिलिंडरचे इंजिन आणि खाली चेन, असा मेळ फार थोड्या यंत्रांत सापडतो. एक शक्यता जर्मनीतील मानहाइमच्या लान्झ बुलडॉगची; पण त्याच्या इंजिनाला पुढे लोखंडी गोळा असे व तो ब्लोलॅम्पने लाल होईपर्यंत तापवावा लागे. धुमसता कागद आणि फ्लायव्हीलवरची खाच या दोन्ही खुणा इंग्लंडमधील गेन्सबरोच्या मार्शल कंपनीच्या इंजिनाच्या आहेत.

त्या खाचेचे काम समजून घेण्यासारखे आहे. साडेसहा इंच व्यासाचा आणि नऊ इंच स्ट्रोकचा तो सिलिंडर पूर्ण दाबासह हाताने फिरवणे कोणालाही शक्य नव्हते. म्हणून सुरू करताना दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा ठेवीत आणि एक लहान रोलर त्या खाचेत सोडीत. हँडलच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर रोलर खाचेतून सरकत जाई. खाच संपली की तो बाहेर पडून व्हॉल्व्ह बंद होई, आणि तोपर्यंत वेग घेतलेले जड फ्लायव्हील दट्ट्याला दाबावरून पार नेई. धुमसता कागद त्या पहिल्या स्फोटासाठी असे. कागद आणि हँडलऐवजी बंदुकीसारखे काडतूस ठोकूनही इंजिन चालू करता येई. आपल्या यंत्राच्या हेडजवळ काडतुसाची जागा दिसते का, ते पाहावे.

याच इंजिनावर मार्शलने १९४५ पासून फील्ड मार्शल हा चाकांचा ट्रॅक्टर विकला. त्याची चेनवरची आवृत्ती लीड्सच्या फाउलर कारखान्यात तयार झाली. तिचे नाव फाउलर व्हीएफ आणि ती १९४७ मध्ये बाजारात आली. पुढे व्हीएफए हा सुधारित नमुना निघाला. १९५६ मध्ये आलेल्या ट्रॅक मार्शलमध्ये चार सिलिंडरचे पर्किन्स इंजिन बसवले गेले आणि एका ठोक्याची ही परंपरा चेनच्या ट्रॅक्टरांत संपली. तेव्हा आपले यंत्र साधारण त्या दहा वर्षांतले असावे, असे माझे मत आहे.

नंबर शोधताना ग्राइंडर लावू नका. रॉकेलमध्ये भिजवलेले फडके रात्रभर ठेवा, सकाळी पितळी ब्रशने हलकेच घासा आणि अंधार पडल्यावर टॉर्च अगदी तिरपी धरून पाहा. दिवसा सपाट वाटणाऱ्या बिडावर आकडे उठून दिसू लागतात. मग पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल फिरवा, म्हणजे डोळ्यांना जे हवे तेच दिसले अशी शंका राहणार नाही. बिडात ओतलेला उठावाचा नंबर सुट्या भागाचा असतो. ठोकून उमटवलेला नंबर त्या एका यंत्राचा किंवा इंजिनाचा असतो. हे दोन्ही वेगवेगळे लिहून ठेवावेत.

जुने_दप्तर

वरील ओळख बरोबर असेल, तर ब्रह्मदेशाची हकिकत या यंत्राची असू शकत नाही. युद्ध १९४५ मध्ये संपले आणि व्हीएफ त्यानंतर आला. तरीही ही हकिकत निराधार कल्पना म्हणून सोडून देऊ नये. युद्धानंतर अमेरिकन सैन्याचे ट्रॅक्टर भारत सरकारच्या डिस्पोजल खात्याकडून खरोखरच विकले गेले, आणि मध्य भारतातील कांस या खोल मुळांच्या गवताने व्यापलेल्या जमिनी मोडण्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने आरंभी अशीच युद्धातून उरलेली यंत्रे वापरली. त्याच कामाच्या नव्या यंत्रसामग्रीसाठी जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. तसेच लार्सन अँड टुब्रोने युद्ध संपताना कॅटरपिलरची विक्री हाती घेतल्यामुळे ते नाव मुंबई इलाख्यात इतके रुळले, की चेनवर चालणारे प्रत्येक यंत्र कॅटरपिलर ठरले. आपल्या आजोबांनी ज्या फार्मवरून ट्रॅक्टर घेतला, तिथे डिस्पोजलचे दुसरे एखादे यंत्र असेल आणि त्याची गोष्ट याला चिकटली असेल, ही शक्यता मला सर्वांत अधिक वाटते.

आता कागदांविषयी. आरटीओच्या नोंदीची फारशी आशा धरू नये, कारण अशी यंत्रे शेतातच राबत आणि एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर ट्रेलरवर घालून नेली जात. आपल्या भागात प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांखाली खाजगी साखर कंपन्यांचे हजारो एकरांचे ऊसमळे होते. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने त्या जमिनी शासनाकडे आल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे कसण्यासाठी गेल्या. म्हणून लिलाव नेमका कोणी केला, हा पहिला प्रश्न आहे. तो कंपनीने केला असेल तर शोध कंपनीच्या दप्तरात करावा लागेल. महामंडळाने केला असेल, तर डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही), निर्लेखनाचा (यंत्र वहीतून कमी करण्याचा) प्रस्ताव आणि लिलावाची यादी असे तीन वेगळे कागद झालेले असणार, आणि त्यांपैकी एखादा तरी पुण्याच्या मुख्यालयात अथवा मळ्याच्या कार्यालयात टिकलेला असू शकतो. माहिती अधिकाराचा अर्ज करताना "जुन्या ट्रॅक्टरची माहिती" असे मोघम लिहू नका. मळ्याचे नाव, लिलावाचे अंदाजे वर्ष आणि हवी असलेली नोंदवही यांचा स्पष्ट उल्लेख करा. आजोबांच्या ट्रंकेत लिलावाची पावती किंवा बयाणा रकमेचे चलन आहे का, हेही आधी पाहा.

शक्य असेल तर त्या फार्मवरील निवृत्त ड्रायव्हर व फिटर यांना आताच भेटा, प्रत्येकाला स्वतंत्रपणे भेटा आणि ट्रॅक्टरचे नाव आपल्या तोंडून आधी काढू नका. "तुमच्याकडे कोणकोणती यंत्रे होती?" एवढेच विचारावे. खंडकऱ्यांच्या, म्हणजे कंपन्यांना खंडाने जमीन दिलेल्या शेतकऱ्यांच्या, जमिनी त्यांना परत गेल्या, मळे विस्कटले. यंत्रांची खरी आठवण आता या माणसांपाशीच आहे आणि त्यांची वये लक्षात घेता हे काम पुढच्या हंगामावर ढकलणे योग्य नाही.

यॉर्कशायरहून

मी लीड्सजवळ राहतो. फाउलरचा कारखाना इथल्या हन्सलेट भागात होता; त्या कंपनीची कागदपत्रे आता रेडिंग विद्यापीठाच्या इंग्लिश ग्रामीण जीवन संग्रहालयात आहेत आणि संशोधकांना ती पाहता येतात. मात्र नंबर हाती आल्याशिवाय त्यांना लिहू नये, कारण नुसत्या छायाचित्रावरून ते नमुना सांगू शकतील, पण विशिष्ट यंत्र शोधू शकणार नाहीत. पत्रात ठोकलेले सगळे नंबर, ते ज्या जागी आहेत त्या जागेसह लिहा. इंजिन आणि चासी यांचे नंबर जुळले नाहीत तर निराश होऊ नका. ऊसमळ्यांच्या वर्कशॉपमध्ये दोन यंत्रांचे मिळून एक करणे ही नित्याची गोष्ट होती, आणि तो बदलही त्या यंत्राच्या इतिहासाचाच भाग मानला पाहिजे.

रंगाविषयी एक सूचना. फील्ड मार्शल सुरुवातीला हिरवे असत आणि १९५२ पासूनची ३ए मालिका नारिंगी होती. आपल्या यंत्राचा नारिंगी थर मूळचा आहे की नंतरचा, हे टाकीच्या पट्ट्याखाली किंवा बोल्टच्या वॉशरखाली पाहिल्यास कळेल, कारण तिथे नंतरचा ब्रश पोहोचत नाही. केवळ रंगावरून वर्ष ठरवू नका. इतर पुराव्याला जोड म्हणून तो उपयोगी पडतो. तोवर गंजलेल्या भागांवर तेलाचा हात फिरवावा आणि धुराड्याचे तोंड डबा पालथा घालून झाकावे, म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी उतरणार नाही.

प्रवराकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फवाऱ्याचे काम थांबवले आहे. बिडाचे_काम यांनी सांगितल्याप्रमाणे पाहिले असता गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूस ठोकलेल्या आकड्यांची एक ओळ मिळाली. शेवटचे दोन आकडे अजून स्पष्ट होत नाहीत. हेडवर काडतुसाची जागाही आहे. टाकीच्या पट्ट्याखाली नारिंगीच सापडला, त्याखाली हिरवा नाही. शिवाय सीटच्या मागच्या पत्र्यावर, पिवळ्या रंगाच्या खालून, पांढऱ्या रंगात हाताने लिहिलेले "टी ७" दिसू लागले आहे. त्याचा अर्थ काय असावा?

जुने_दप्तर

तो बहुधा फार्मचा स्वतःचा क्रमांक असावा; टी म्हणजे ट्रॅक्टर. कंपनीचा नंबर न लिहिता लॉगबुकात आणि डिझेल वाटपाच्या वहीत यंत्रे अशाच क्रमांकांनी नोंदवली जात, त्यामुळे शोधाच्या दृष्टीने हा नंबर ठोकलेल्या नंबराइतकाच मोलाचा आहे. माहिती अधिकाराच्या अर्जात तो जरूर घाला, आणि जुन्या ड्रायव्हरांना विचारताना फक्त "सात नंबर कोण चालवायचे?" असे विचारा.