प्रवासात ऐकायला पोर्टेबल अ‍ॅम्प: जुना ए१ ठेवू की डॅकवाला नवीन घेऊ?

तोडी_सकाळची (कोथरूड)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथले धागे नुसते वाचतोय, आज विचारायचंच ठरवलं.

कामासाठी दर आठवड्याला मुंबईला जाणं-येणं असतं, जाताना डेक्कन क्वीन आणि येताना उशीर झाला की दादरहून शिवनेरी. तेवढाच काय तो निवांत ऐकायचा वेळ, घरी मुलं लहान आहेत त्यामुळे तिथे शक्यच नाही. ऐकणं जवळजवळ सगळं शास्त्रीय, त्यातही जुन्या मैफलींची रेकॉर्डिंग्ज, किशोरीताई, भीमसेनजी, मन्सूरअण्णा.

सामान असं आहे: बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हेडफोन, २५० ओहमवाला, सेकंडहँड चांगल्या अवस्थेत मिळाला म्हणून घेतला. मूनड्रॉप आरिया आयईएम, म्हणजे कानात आत बसणारे इअरफोन. आणि फिओचा ए१, तो बारका क्लिपवाला अ‍ॅम्प, जुन्या फोनच्या जॅकला लावून वापरायचो. आता नवीन फोनला जॅकच नाही, म्हणून यूएसबी-सी डोंगल, डोंगलला ए१ आणि ए१ला ती डीटी ७७०ची गुंडाळीवाली जाड केबल असा सगळा संसार मांडीवर घेऊन बसावं लागतं आणि शेजारचा उठला की काहीतरी एक निघतंच.

खरा त्रास वेगळाच आहे. आलापाची पहिली दहा मिनिटं गाडीत ऐकूच येत नाहीत, तानपुरा तर गायबच, म्हणून आवाज पूर्ण वर नेतो आणि मग मध्य लय सुरू झाली की तबल्याची चाट कानात घुसते. मला वाटतंय अ‍ॅम्पची ताकद कमी पडते. बजेट १०-१२ हजार. जास्त पॉवरचा, ४.४ मिमीचं बॅलन्स्ड सॉकेट असलेला डॅक-अ‍ॅम्प (डिजिटल गाण्याचं अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डॅक आणि अ‍ॅम्प एकाच डबीत) घेतला तर हे सुटेल का? आणि ब्लूटूथवाले घ्यावेत की नकोत? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

सोल्डर_आणि_सूर (सिंहगड रोड)

दादा, विकत घेण्याआधी पाच मिनिटं आकडेमोड करू, म्हणजे पैसे कुठे टाकायचे ते कळेल.

डीटी ७७० प्रोची कंपनीने दिलेली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक पॉवरला तो किती मोठा वाजतो ते, १ मिलिवॉटला ९६ डीबी आहे. साधा बरा डोंगल साधारण १ व्होल्ट देतो. २५० ओहमला १ व्होल्ट म्हणजे ४ मिलिवॉट, म्हणजे ९६ अधिक ६, झाले १०२ डीबी. हे पूर्ण आवाजाला, रेकॉर्डिंगमधल्या सगळ्यात मोठ्या क्षणाला. २ व्होल्ट देणारा अ‍ॅम्प घेतला तर १६ मिलिवॉट आणि १०८ डीबी. म्हणजे व्होल्टेज दुप्पट केलं, पॉवर चौपट झाली आणि हाती आले ६ डीबी. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे पॉवर दहापट. आता बघा, जुन्या मैफलीत आलाप हा सगळ्यात मोठ्या क्षणापेक्षा ३०-३५ डीबी खाली असू शकतो. १०२ मधून ३५ वजा केले की राहिले ६७. माझ्या फोनवरचं अ‍ॅप गाडीच्या एसी डब्यात ७०च्या आसपास दाखवतं, ते अ‍ॅप काही लॅबमधलं मीटर नाही पण अंदाजाला पुरतं. म्हणजे तुमचा आलाप गाडीच्या आवाजाखाली दबतोय हे बरोबरच आहे आणि नवीन अ‍ॅम्पने तो ७३ला येईल, जेमतेम डोकं वर काढेल. पण तबलाही तेवढाच वर जाणार ना, आलाप आणि तबल्यातलं अंतर काही अ‍ॅम्प कमी करत नाही.

आरियाचं तर आणखी सोपं. १ व्होल्टला १२२ डीबी असा कंपनीचाच आकडा आहे. त्याला पॉवरची काहीच गरज नाही, तिथे बघायचं ते अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स (अ‍ॅम्पचा स्वतःचा आतला रोध) आणि मागची खरखर. आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्श्याच्या आत असावा असं धरून चालतात, ३२ ओहमच्या आरियाला ४ ओहमच्या आत. हल्लीचे बहुतेक डोंगल आणि डॅक-अ‍ॅम्प १-२ ओहमच्या आतच असतात.

आणि ४.४ बॅलन्स्डबद्दल स्पष्ट सांगतो, डीटी ७७०साठी त्याचा उपयोग शून्य. त्याची केबल एकाच बाजूने येते, कायमची जोडलेली असते आणि आत डाव्या-उजव्याची ग्राउंड वायर एकच असते. बॅलन्स्डला चार वेगळ्या वायरी लागतात. हेडफोन उघडून केबल बदलणारे लोक आहेत, पण प्रवासासाठी तो खटाटोप कशाला. जाहिरातीत जो मोठा पॉवरचा आकडा छापतात तो बहुतेक वेळा बॅलन्स्डचा असतो, तुम्हाला ३.५ मिमीचा आकडा शोधून वाचायचाय.

ए१ आता काढून टाका. डोंगलमध्ये डॅक आणि अ‍ॅम्प दोन्ही असतात, त्यापुढे परत अ‍ॅम्प म्हणजे आधीच्याची खरखर पण मोठी होते आणि एक सांधा वाढतो तो वेगळाच.

घाटातला_प्रवासी (चिंचवड)

सोल्डरभाऊंशी आकड्यांच्या बाबतीत पूर्ण सहमत पण ब्लूटूथचा विषय राहिला तो मी घेतो.

मी बरीच वर्षं ह्याच मार्गावर आहे आणि माझं ठाम मत आहे की गाडीत फोनला काहीही लोंबकळत नसावं. क्युडेलिक्स ५के किंवा फिओच्या बीटीआर मालिकेतला एखादा ब्लूटूथ डॅक-अ‍ॅम्प घ्या, शर्टाच्या कॉलरखाली क्लिप लावा, फोन बॅगेत. क्युडेलिक्स ३.५ मधून २ व्होल्ट देतो आणि २.५च्या बॅलन्स्डमधून ४, म्हणजे तुमचा डीटी ७७०सुद्धा वरच्या हिशोबातल्या १०८पर्यंत जाईल. स्वतःची बॅटरी आहे, आणि यूएसबी केबलने जोडला तर डॅक म्हणूनही चालतो, म्हणजे ब्लूटूथ नको असेल तेव्हा वायर आहेच. पण मला त्याचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्याचं अ‍ॅप, त्यात पॅरामेट्रिक ईक्यू आहे, म्हणजे ठराविक हर्ट्झच्या आसपासचाच आवाज कमी-जास्त करता येतो. डीटी ७७०ला ८ हजार हर्ट्झच्या आसपास एक टोक आहे आणि तबल्याची चाट कानात घुसते म्हणताय ती निम्मी तिथूनच येते. तिथे ४-५ डीबी खाली घ्या आणि मग सांगा. ही सेटिंग त्या डबीतच राहते, फोन बदलला तरी जात नाही.

आता घाटातली गोष्ट. कर्जत-लोणावळा पट्ट्यात बोगद्यांमध्ये नेटवर्क जातं-येतं, फोन जोर लावून टॉवर शोधतो आणि सिम २जीवर गेलं तर शेजारच्या अ‍ॅम्पमध्ये तो ठराविक टिरटिर-टिरटिर आवाज येतो. फोन आणि अ‍ॅम्प रबरबँडने पाठीला पाठ लावून बांधणाऱ्यांना हे हमखास ऐकू येणार. घाटाच्या आधी गाणं डाउनलोड करून फोन फ्लाइट मोडला टाका, ब्लूटूथ त्यात परत चालू करता येतं. दुसरं, डब्यातल्या चार्जिंग पॉइंटला फोन लावून त्याच फोनला वायरने अ‍ॅम्प लावला की बारीक घुंईंईं ऐकू येऊ शकते, चार्जर काढला की बंद. अ‍ॅम्पला स्वतःची बॅटरी असली की हा प्रश्न बराच कमी होतो, फक्त फोनमधून अ‍ॅम्प चार्ज होणं बंद करायची सोय आहे का ते बघून घ्या, नाहीतर लोणावळा येईपर्यंत फोन निम्मा रिकामा.

सोल्डर_आणि_सूर (सिंहगड रोड)

घाटवाले, ब्लूटूथला माझा विरोध नाही पण एक गोष्ट लोकांना माहीत असावी. एलडॅक ही ब्लूटूथवरून गाणं पाठवायची एक पद्धत, तिचे ९९०, ६६० आणि ३३० केबीपीएस असे तीन दर असतात आणि ऑटोवर ठेवलं तर दादर किंवा ठाण्यासारख्या गर्दीत तो आपोआप खाली येतो. ९९०वर हट्टाने अडकवून ठेवलं तर आवाज तुटतो. आयफोनवर एलडॅक नाहीच, तिथे एएसी. चालत्या गाडीत हा फरक ऐकू येईल असं मला वाटत नाही, म्हणून ६६० करा आणि विसरून जा. शांत खोलीत बसून ऐकायचं असेल तेव्हा वायर.

मंद्र_षड्ज (सदाशिव पेठ)

मूळ प्रश्न अ‍ॅम्पचा आहे पण त्रास बाहेरच्या आवाजाचा आहे आणि तो कुणी नीट धरला नाही म्हणून लिहिते.

मी गाणं शिकते, त्यामुळे प्रवासात ऐकणं हा माझा अभ्यासाचाच भाग असतो. काळी एकचा सा घेतला तर तो १३९ हर्ट्झच्या जवळ, म्हणजे मंद्र सप्तक साधारण ७० ते १३९ हर्ट्झ. गाडीची घरघर, बसच्या इंजिनाचा गुरगुराट ह्याच भागात सगळ्यात जास्त असतो. आणि खालचा आवाज हा स्वतःच्या वरच्या स्वरांनाही झाकतो, वरचा आवाज खालच्यांना तेवढा झाकत नाही, हा कानाचाच गुणधर्म आहे. म्हणून आधी तानपुरा जातो, मग मंद्रातला आलाप, आणि तार सप्तकातली तान मात्र स्पष्ट येते. तोडी_सकाळची यांना जे ऐकू येत नाही ते नेमकं हेच.

डीटी ७७० बंद कपांचा असला तरी तो वरचे आवाज जास्त अडवतो, खालची घरघर आत येतेच. आरियाला हवेसाठी बारीक छिद्रं आहेत, डायनॅमिक ड्रायव्हरच्या बऱ्याच आयईएमना असतात, त्यामुळे तिथूनही थोडं शिरतं, तरी नीट बसला तर तो डीटी ७७०पेक्षा गाडीत बरा. बसवायचा कसा ते सांगते: मेमरी फोमचे टिप्स आणा, बोटांनी चिमटून अगदी बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमायला लागला की समजायचं नीट बसलं. त्यानंतर आवाजाचं बटण कितीतरी खाली आणावं लागतं. ह्याच्याही पुढे जायचं असेल तर ईटिमोटिकचे खोल जाणारे आयईएम आहेत, तीन छत्र्यांचे टिप्स असलेले, सगळ्यांना ते कानात सहन होत नाहीत पण अडवण्यात त्यांना तोड नाही.

एएनसी, म्हणजे बाहेरचा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने रद्द करणारे हेडफोन खालची घरघर सगळ्यात चांगली कापतात, हे मान्य करायलाच हवं. पण ते घेतले तर अ‍ॅम्पचा प्रश्नच संपतो, कारण एएनसी चालू असताना त्यांच्या आतलाच अ‍ॅम्प ड्रायव्हर चालवतो, बाहेरून कितीही भारी अ‍ॅम्प लावा.

आणि कृपया कानांची काळजी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डीबी ही मर्यादा आहे आणि दर ३ डीबी वाढले की वेळ निम्मा होतो. ९२ डीबीला अडीच तासच उरतात. पुणे-मुंबई एक फेरी झाली की आठवड्याचा कोटा संपला. गाडीच्या आवाजावर मात करायला आवाज वाढवत नेणारी माझ्याबरोबरची काही मंडळी आता कानात सतत शिट्टी वाजते म्हणतात, ऐकून फार वाईट वाटतं.

एक शेवटचं, स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर सेटिंगमध्ये व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळी गाणी साधारण सारख्या आवाजाला आणणारी सोय) काय करतंय ते बघा. जुन्या मैफली मुळातच हळू आवाजात भरलेल्या असतात, कधी ह्या सेटिंगने त्या थोड्या वर येतात, कधी काहीच होत नाही. तुमच्या स्वतःच्या फाइल्स असतील तर प्रवासासाठी वेगळी प्रत करून त्यात आलापाचा भाग थोडा उचलून ठेवता येतो. मी गुरुजींच्या शिकवणीच्या रेकॉर्डिंगला असंच करते, मूळ फाइल तशीच ठेवते.

पॉवर_पाहिजे (हडपसर)

सगळे कमी पॉवरच्या बाजूने बोलतायत म्हणून दुसरी बाजू. हॉटेलवर रात्री ऐकत असाल तर २५० ओहमला चांगला अ‍ॅम्प हवाच. आयफायचा हिप-डॅक बघा, १२५ ग्रॅम वजन, बॅटरीवर चालतो, गोल व्हॉल्यूम नॉब आहे, अंधारातसुद्धा हाताला बरोबर सापडतो. फक्त नॉबवाल्या कुठल्याही अ‍ॅम्पवर आरियासारखे संवेदनशील आयईएम लावले की अगदी सुरुवातीच्या भागात एक कान जास्त वाजू शकतो, तेव्हा गेन (अ‍ॅम्प सिग्नल किती पटीने वाढवतो ते) कमीवर ठेवा आणि फोनमधून थोडा आवाज उतरवा म्हणजे नॉब मधल्या भागात येतो. खिशात मात्र हा जड होतो, बॅगेतला अ‍ॅम्प आहे.

तोडी_सकाळची (कोथरूड)

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

मंद्र_षड्ज, तुम्ही सांगितलंत तसे फोम टिप्स मागवले आणि कालच्या फेरीत आरिया लावून ऐकलं, साध्या डोंगलवर. अर्ध्या आवाजाला तानपुरा ऐकू आला, जोडीच्या दोन्ही तारा वेगळ्या कळत होत्या, खंडाळ्याच्या बोगद्यात तेवढा गेला. एवढ्याने इतका फरक पडेल असं खरंच वाटलं नव्हतं.

तर आता ठरवलंय ते असं, डीटी ७७० घरी राहणार, मुलं झोपल्यावर. गाडीत आरिया आणि क्युडेलिक्स, ईक्यूसाठी आणि फोन बॅगेत ठेवता येतो म्हणून. रात्री डीटी ७७०ला आणि गाडीत आरियाला तोच एक पुरेल, २ व्होल्ट बास आहेत. उरलेल्या पैशात नंतर ईटिमोटिक कानात घालून बघायचे, सहन झाले तर. ए१ भाच्याला देतोय, त्याच्या जुन्या लॅपटॉपला जॅक आहे.

एक शंका राहिली, क्युडेलिक्स घरी वायरने लावायचा तर आखूड सी-टू-सी केबल हवी, कॉर्नरला वळणारी. तापकीर गल्लीत मिळेल का, की ऑनलाइनच बघू?

घाटातला_प्रवासी (चिंचवड)

तापकीर गल्लीत मिळते, पण दुकानातच स्वतःचा फोन आणि डबी जोडून गाणं लावून बघा. बऱ्याच आखूड केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या वायरीच नसतात, दिसायला अगदी सारख्या. दोन्हीकडे सी असेल तर टोकं उलटी करूनही बघा, ओटीजीच्या (फोनला बाहेरचं उपकरण जोडायच्या) काही केबल एकाच दिशेने चालतात, कुठलं टोक फोनला ते कळलं की त्याला चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. आणि रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.