महाडीबीटीवर पैसे जमा, खात्यात ३१२ रुपये! सोलापूरकरांनो, मदत करा

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेश कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून), ओबीसी, नॉन-क्रिमिलेयर आहे. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते; आठ लाखांची उत्पन्नमर्यादा आमच्या गल्लीतून दिसतसुद्धा नाही. २०२४-२५ पासून अशा मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, त्याच भरवशावर घरच्यांनी पाठवलं.

महाडीबीटीवरचा (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) गेल्या वर्षीचा अर्ज एकदा परत आला होता (उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो पुसट!). दुरुस्त करून पाठवला, कॉलेज आणि सरकारी कार्यालय दोन्हीकडून मंजूर झाला. आता पोर्टलवर पहिला हप्ता जमा दिसतो. काल पासबुक छापून आणलं, शिल्लक ३१२ रुपये. बँकेतले काका म्हणतात आधार लिंक आहे, आमच्याकडे काही अडलेलं नाही. कॉलेजच्या खिडकीवरचं उत्तर एकच, "आधी फी भरा, तुमचं आलं की तुम्ही घ्या." आणि परीक्षेचा फॉर्म तोंडावर आलाय.

पैसे गेले कुठे? आणि आईच्या विडी कामगार ओळखपत्रावर केंद्राची शिष्यवृत्ती मिळते म्हणतात, तीही भरू का?

उत्तर १ : ताई, खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि सरकारी पैशासाठी ते खातं आधारला जोडलेलं असणं वेगळं. बँकेत लोक दोन्हीला "लिंक"च म्हणतात, तिथंच घोळ होतो. डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं आणि पैसा तिकडेच जातो, फॉर्ममध्ये कुठलंही खातं लिहा. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस (आधारला कोणती बँक जोडलीय ते) बघा, ओटीपी टाकला की बँकेचं नाव दिसेल.

उत्तर २ : दोन्ही शिष्यवृत्त्या एकदम घेता येत नाहीत, नादाला लागू नका. फी मागतात तर तसं लेखी द्या म्हणा. बहुतेकदा तिथंच आवाज खाली येतो. नाहीच ऐकलं तर तंत्रशिक्षण सहसंचालक, पुणे विभाग, यांच्याकडे अर्ज करा, सोलापूर त्यांच्याकडेच येतं. फक्त माफी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची आहे, बाकीचे शुल्क त्यात धरू नका.

मूळ धागाकर्ती : सापडलं!! भलत्याच बँकेचं नाव आलं. पाचवीत असताना शाळेनं काढलेलं शून्य शिलकीचं खातं, आईसोबतचं. पासबुक पत्र्याच्या पेटीत, आईच्या विडी कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत होतं. कडा तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या. मी तेव्हा अल्पवयीन, खातं वर्षानुवर्षं पडून, म्हणून आता केवायसी लागेल आणि आईची सहीही. पैसे तिथंच आहेत, हे बँकेत फोन करून विचारलं.

उद्या आईला घेऊन जाते. तिचा हजार विड्यांचा दिवस बुडणार म्हणून ती आत्तापासूनच पानं भिजवून बसलीय, रात्रीच वळून टाकते म्हणते. तेवढं एक सांगा : दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण भरण्याआधी आधारवर नवं खातं जोडून घेऊ, की हा हप्ता हातात पडेपर्यंत जुनंच राहू देऊ?