जुने टूथब्रश, ट्रिमर, दाढीचा ब्रश: फेकण्याआधी काय करता येईल?

खटपट्या
वापरून झालेले टूथब्रश, चार्ज न धरणारा ट्रिमर, दाढीचा ब्रश, टोकं न जुळणारा प्लकर आणि ब्लेडं साठली आहेत. ब्रशने बेसिन घासता येतं हे ठाऊक आहे, त्यापुढचं सांगा. ब्लेडांचं काय करावं?

ठाकठोक
केस फिसकारलेला ब्रश तसाच वापरू नका, आधी छाटा. केसांची लांबी निम्मी केली की तेच नायलॉन जवळपास आठपट ताठ होतं, कारण ताठरपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. सायकलची साखळी आणि फरशीचे सांधे यांना असा आखूड ब्रश. शिलाई मशीनमधल्या बॉबिनखालचा धुरळा काढायला मात्र लांब, मऊ केसच हवेत, आणि धुरळा बाहेर ओढायचा. आत ढकललात तर तो तेलात बसून घट्ट होतो.

कोपऱ्यात पोचायला मान वाकवायची असेल तर ती उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवा, फडक्यात धरून सावकाश वाकवा आणि तशीच धरून गार पाण्याखाली न्या. हवा त्यापेक्षा थोडा जास्त बाक द्या, प्लास्टिक परत सरळ होऊ बघतं. कडक, पारदर्शक दांडे बहुधा मोडतात. त्यांना थिनरही लावू नका, तडे जातात.

दांड्याला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर साखळीचा ब्रश कुणीतरी तोंडात घालेल.

तारतंत्री
ट्रिमर लोकरी कपड्यांवरच्या गोळ्या काढायला उत्तम. कपडा टेबलावर सपाट ताणा, १ ते १.५ मिमीची फणी लावा आणि न दाबता फिरवा. फणीशिवाय फिरवलात तर विणीचा फास कापला जाऊन भोक पडतं. पात्यावर मशीन ऑइलचा एकच थेंब, मग आधी चिंधीवर चालवून बघा, नाहीतर डाग पडेल. पातं बोथट असेल तर हा नाद सोडा, ते धागे ओढतं.

प्लकरची टोकं मिटून त्यांत ६०० नंबरचा पॉलिश पेपर धरा आणि ओढून काढा. मग पेपर उलटून दुसरं टोक घासा. मागच्या बाजूने रबरबँड चढवला की प्लकर आपणहून पकडून राहतो. सोल्डरिंग करताना, म्हणजे वितळलेल्या कथलाने जोड देताना, सुटा भाग आणि सांधा यांच्यामधल्या तारेला तो लावा, बरीच उष्णता तोच खातो.

घासपूस
दाढीच्या ब्रशबद्दल: केसांच्या मुळाशी साबणाचा थर असतो. कपभर कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून पाच मिनिटं बुडवा, धुवा, केस खाली करून टांगा. पूर्ण वाळल्यावर कीबोर्ड, दिव्यांच्या शेड, पुस्तकांच्या कडा झाडा. सर्किट बोर्डावर कृत्रिम केसांचा ब्रश नको, घर्षणाने स्थिर वीज तयार होते.

ब्लेडांना नवा उपयोग शोधूच नये. दुधारी पातं इतकं पातळ की काच खरवडताना वाकून तुटतं. झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकत जा, भरला की चीर टेपने बंद करा.

खटपट्या
ट्रिमरमध्ये लिथियमचा सेल बसवला तर?

तारतंत्री
आधीचा सेल बघा. १.२ व्होल्टचा निकेलचा असेल तर त्याच प्रकारचा, त्याच मापाचा आणि टोकांना पट्ट्या असलेला घ्या. लिथियम सेल ३.७ व्होल्टच्या आसपास असतो, तो निकेलच्या चार्जिंग सर्किटवर लावणं धोक्याचं. मुळात लिथियम असून फुगलेला दिसला तर उघडू नका, चार्जही करू नका, ई-कचऱ्यात द्या.