हाँगकाँगच्या भारतीयांना ब्रिटनने वाऱ्यावर सोडलं होतं का?

खाडीकाठ:
१ जुलै १९९७ ला ब्रिटिश वसाहत असलेलं हाँगकाँग चीनकडे गेलं. तिथले चिनी वंशाचे लोक चीनच्या कायद्याने चिनी नागरिक ठरले. पण पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेले सिंधी, शीख, पारशी? चीन त्यांना आपलं मानत नव्हता, आणि ब्रिटनने हाती दिला 'ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज' पासपोर्ट. नाव ब्रिटिश, पण ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नाही. मुलांना तो वारशाने मिळतही नाही. हाँगकाँग विद्यापीठाच्या इमारतीसाठी पैसा देणारे होर्मसजी मोदी मुंबईहूनच गेलेले. त्या समाजाला असं अधांतरी ठेवणं हा विश्वासघात होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

दर्यावर्दी:
असहमत. हाँगकाँगमध्ये राहण्याचा हक्क कुणीच काढला नव्हता. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याचं २४वं कलम वाचा. सलग सात वर्षं राहून तिथेच कायमचं बस्तान बसवलेला बिगरचिनी माणूसही कायम रहिवासी ठरतो, मतदानही करतो. कुणी राष्ट्रहीन होऊ नये म्हणून 'ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन' हा दर्जाही होता. शिवाय भारतीय पासपोर्ट सोडून ब्रिटिश घेतला तो स्वतःच्या मर्जीने.

खाडीकाठ:
मर्जीने? हाँगकाँगमध्ये जन्मलेल्यांना ब्रिटिश वसाहतीचं नागरिकत्व जन्मानेच मिळालं होतं! आणि २४व्या कलमातला तो हक्क बिगरचिनी माणसासाठी पक्का नाही. तिथलं वास्तव्य सोडून सलग ३६ महिने बाहेर राहिला की कायम रहिवास जातो. आईच्या आजारपणात तीन वर्षं मुंबईत काढली, तर?

दर्यावर्दी:
तरी परत जाऊन राहता येतं, कामही करता येतं. अगदी दार बंद होत नाही.

मांडवीपार:
गोव्याची म्हणून सांगते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना पोर्तुगाल आजही पूर्ण नागरिकत्व देतं, पोर्तुगालमध्ये राहण्याच्या हक्कासकट. चीनच्या किनाऱ्यावरची त्यांची वसाहत मकाव, ती सोडतानाही असंख्य चिनी वंशाच्या लोकांचं नागरिकत्व त्यांनी कायम ठेवलं. ब्रिटनने १९८३ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या आपल्या फॉकलंड बेटांवरच्या लोकांना पूर्ण नागरिकत्व दिलं, हाँगकाँगला नाही. फॉकलंडचे लोक बहुतेक ब्रिटिश वंशाचे. रंग बघितला गेला, दुसरं काय!

दर्यावर्दी:
रंग नाही, संख्या. फॉकलंडची वस्ती दोनेक हजार, हाँगकाँगमध्ये वसाहतीचं नागरिकत्व असलेले तीस लाखांहून जास्त. कुठलं सरकार एवढ्यांना दार उघडेल? आणि या अल्पसंख्याकांसाठी मार्च १९९७ मध्ये कायदा झालाच की. पूर्ण नागरिकत्व मिळालं.

खाडीकाठ:
तीस लाखांमध्ये हे मोजके काही हजार होते! हाँगकाँग सोपवण्याचा चीनशी करार झाला १९८४ ला. १९९० मध्ये ५०,००० कुटुंबप्रमुखांना गुण मोजून नागरिकत्व द्यायचं ठरलं, तेव्हाही यांचा वेगळा विचार झाला नाही. निर्णय आला ४ फेब्रुवारी १९९७ ला, हस्तांतरणाला पाच महिने उरले असताना. आणि अट अशी, की दुसऱ्या कुठल्याच देशाचं नागरिकत्व नको. म्हणजे त्या बारा वर्षांत ज्याने धास्तीने दुसरा पासपोर्ट मिळवला, तो बाहेर. जो काहीच न करता थांबला, तो आत.

दर्यावर्दी:
उशीर झाला हे मान्य. विश्वासघात म्हणायला मी अजूनही तयार नाही.