कुपवाडच्या गोदामाचं छप्पर बदलायचंय, ठेकेदाराशी पहिल्या भेटीत काय बोलावं?

हळद_गोदाम
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत ६० बाय १०० फुटांचं गोदाम आहे, आत हळदीची पोती असतात. लोखंडी कैच्या (छपराच्या त्रिकोणी चौकटी), त्यांवर पत्रा धरणाऱ्या अँगलच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पर्लिन साडेचार फुटांवर, वर जुना सिमेंट पत्रा. ढाळ ३ ला १ (तीन फूट आडवं, एक फूट उंच). शेड पूर्व-पश्चिम लांब आहे. उत्तरेला मोकळी जागा, दक्षिणेला शेजारच्या शेडशी सामायिक व्हॅली (दोन उतारांमधली पन्हळ), तिला दोन टोकांना ४ इंची दोन पाइप. पावसाळ्यात दक्षिण भिंतीलगतची पोती भिजतात. सगळा पत्रा काढून कलर कोटेड (रंगीत पोलादी पत्रा) टाकायचं मनात आहे.

पुढच्या आठवड्यात ठेकेदार जागा बघायला येतोय. असलं काम पहिल्यांदाच करून घेतोय. आधी काय तयारी ठेवू आणि काय विचारू? फोनवर त्याने फुटाचा रेट सांगितला, पण तो नक्की कशाचा तेच कळलं नाही.

कैची_पर्लिन
रेटवर नंतर येऊ. पहिल्या भेटीत सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पाणी कुठून येतं याची तुमच्याकडची नोंद. ठेकेदार उन्हाळ्यात येतो, तेव्हा छप्पर कोरडं ठणठणीत असतं. गळतं कुठे ते फक्त तुम्हाला ठाऊक. गोदामाचा साधा नकाशा काढा, कैच्यांना पूर्वेकडून नंबर द्या आणि ओल येते त्या जागा खुणा करून ठेवा. प्रत्येक खुणेपुढे ती कधी येते तेही लिहा, कारण त्यावरून कारण बरंचसं समजतं. रिमझिम पावसातही थेंब पडत असेल तर हुकाचा वॉशर गेलाय किंवा पत्र्याला तडा आहे. वाऱ्याचा पाऊस असतानाच येत असेल तर जोडातून आत मारतोय. फक्त मोठ्या सरीत आणि भिंतीलगत येत असेल तर पन्हळ भरून उलटतेय. आणि पाऊस नसताना पहाटे थेंब पडत असतील तर ती गळतीच नव्हे, पत्र्याखाली धरलेलं दव आहे.

शेवटचं नीट ध्यानात घ्या. सिमेंट पत्रा थोडी ओल पिऊन घेतो, धातूचा पत्रा एक थेंबही पीत नाही. आज होत नसलेलं दव नव्या छपराखाली सुरू होऊ शकतं. हळदीला ते चालणार नाही, बुरशी धरेल. म्हणून पत्र्याखाली काय घालणार, फॉइलवाला एअर बबल (हवेच्या फुग्यांची चादर) की ५० मिमी ग्लासवूल (काचेच्या धाग्यांची गादी), आणि हवा खेळायला टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्याने फिरणारे छपरावरचे पंखे) किती, हे पहिल्याच दिवशी विचारा. मागाहून घालायचं म्हटलं तर पत्रा पुन्हा उचलावा लागतो.

आता फुटाचा रेट. तुमच्याच शेडवर मांडून बघू. जमिनीवरचं माप ६,००० चौरस फूट. ३ ला १ ढाळाने एका बाजूची तिरपी लांबी ३१.६ फूट होते, म्हणजे छपराचं खरं क्षेत्र सुमारे ६,३२५ चौरस फूट. आणि पत्र्याची एकूण रुंदी समजा १,०७० मिमी, पण झाकणारी १,००० मिमी असेल, तर दोन्ही बाजूंना मिळून ६२ पत्रे लागतात. एकूण रुंदीने बिल केलं की ते जवळपास ६,८८० चौरस फुटांवर जातं. छप्पर तेच, मापं तीन. रेट यातल्या कोणत्या मापाला, आणि त्यात रिज कॅप (माथ्याचा जोड झाकणारा पत्रा), कडेचं फ्लॅशिंग (फट झाकणारी दुमडलेली पट्टी), पन्हळ, स्क्रू, जुना पत्रा उतरवणं यातलं काय धरलंय, हे त्याच्याकडून लिहून घ्या. त्याशिवाय दोन कोटेशन शेजारी ठेवून काही अर्थ निघत नाही.

मायक्रोमीटर
पत्र्याबद्दल. "०.५० चा पत्रा" एवढ्यावर थांबू नका. ०.५० ही रंग आणि लेप धरून जाडी की नुसत्या पोलादाची? दोन्हींत सुमारे ०.०५ मिमीचा फरक पडतो आणि भावात तो लपतो. लेप कोणता तेही विचारा: गॅल्व्हल्यूम (ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप) असेल तर एझेड १५०, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम. त्याच्या रंगीत पत्र्याचं भारतीय मानक आयएस १५९६५, जस्ताच्या लेपावरच्या रंगीत पत्र्याचं आयएस १४२४६. कॉइलचं (पत्र्याच्या मूळ गुंडाळीचं) टेस्ट सर्टिफिकेट मागा. माल उतरला की पत्र्याच्या पाठीवरचा छापा त्याच्याशी ताडून बघा आणि मायक्रोमीटर लावा. छापा नसेल तर गाडी खाली करू नका.

तुमची तिरपी लांबी ९.६ मीटर आहे. एवढा पत्रा एकसंध मिळतो, ट्रकमध्ये येतो. त्यामुळे मधला आडवा जोड नकोच. ठेकेदार दोन तुकडे सुचवत असेल तर कारण विचारा. बहुधा वाहतूक सोपी पडते एवढंच असतं. मान्सूनचा वारा आपल्याकडे पश्चिम-नैऋत्येचा, म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून लावत पश्चिमेकडे यायचं. मग उभ्या जोडाचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून राहतं. हा प्रश्न टाकून बघाच. जाणकार माणूस पटकन उत्तर देतो.

स्क्रूत सगळ्यात जास्त चुका होतात. पर्लिन ५-६ मिमी जाड अँगलची असेल तर पातळ पत्र्याच्या झेड आकाराच्या पर्लिनसाठीच्या स्क्रूचं भोक पाडणारं टोक त्यात जळतं, स्क्रू अर्धवट बसतो आणि फिरत राहतो. जाड पोलादाचं टोक असलेला स्क्रू लागतो. छपरावर तो उंचवट्यावर बसवायचा, खोलगटात नाही, म्हणून लांबी ५५ ते ६५ मिमी. ईपीडीएम (रबराचा) वॉशर किंचित दबला पाहिजे. चेपून बाहेर आला तर वर्ष-दोन वर्षांत फाटतो. ड्रिलचा कीस रोज संध्याकाळी झाडून काढायचा, नाहीतर पहिल्याच दवात त्याचे गंजाचे ठिपके पडतात. आणि पत्रा ग्राइंडरने कापायचा नाही, ठिणग्या रंग जाळतात. कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) कापतो का, विचारा.

उजेडाला पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा) घालणार असाल तर त्याचं भोक स्क्रूपेक्षा २-३ मिमी मोठं हवं. उन्हात तो पोलादाच्या पाच-सहा पट फुगतो, घट्ट आवळला की स्क्रूपाशी तडकतो.

हळद_गोदाम
फार उपयोगी माहिती, आभार. नोंदी आठवून पाहिल्या. पाणी फक्त जोराच्या सरीत येतं, दक्षिण भिंतीवरून ओघळतं, मध्यावर जास्त. रिमझिम पावसात काहीच नाही. उत्तर बाजू पूर्ण कोरडी.

पन्हळ_आणि_पाइप
मग सगळा पत्रा बदलूनही पोती भिजतील. हिशेब करू. तुमचा दक्षिण उतार जमिनीवर ३० बाय १०० फूट, म्हणजे २७९ चौरस मीटर. ताशी १०० मिमीची सर आली तर त्यावरून मिनिटाला ४६५ लिटर पाणी त्या व्हॅलीत उतरतं. शेजाऱ्याचा उतार तेवढाच असेल तर ९३० लिटर. एवढ्या पावसाला ४ इंची उभा पाइप साधारण ४० चौरस मीटर छपराचं पाणी नेतो असं धरतात, तुमचे दोन मिळून ८०. दोन्ही उतार ५५८ चौरस मीटर. त्यात पाइप टोकांना असल्याने पाणी मध्यावर फुगतं, आणि तिथेच तुमची भिंत ओली आहे.

६ इंची पाइप याच हिशेबाने सुमारे १२५ चौरस मीटर सांभाळतो. म्हणजे व्हॅलीला ६ इंची पाच पाइप, त्यातला निदान एक मध्यावर, गोदामातून खाली आणावा लागेल. पन्हळीला टोकाशी ओव्हरफ्लोची खाच ठेवायला सांगा, म्हणजे पाइप तुंबला तरी पाणी आत न येता बाहेर पडेल आणि तुम्हाला दिसेल. पानं-कचऱ्याला जाळी, आणि मे अखेरीस सफाई.

व्हॅली सामायिक आहे, म्हणून शेजाऱ्यांना त्या भेटीत बोलवाच. त्यांच्या संमतीशिवाय पन्हळीची रुंदी आणि उंची बदलता येत नाही, खर्चही वाटून घ्यायला हवा. ठेकेदाराला पहिला प्रश्न हाच: "व्हॅलीचा हिशेब कसा धरलात?" तो पत्र्याच्या रंगाकडे वळला तर दुसरा बघा.

भिंतीशी फ्लॅशिंग जिथे मिळतं तिथे पत्र्याला ओला सिमेंट-गिलावा चिकटू देऊ नका, गॅल्व्हल्यूमचा लेप खातो. भिंतीत खाच, त्यात फ्लॅशिंगची दुमड, वर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन पत्र्याला वापरायचं नाही.

कैची_पर्लिन
वरचा मुद्दा बरोबर आहे. उत्तर बाजू कोरडी असेल तर आधी व्हॅली करून एक पावसाळा बघा, असंही म्हणेन. तरी पत्रा बदलायचाच ठरला तर दोन गोष्टी.

जुना सिमेंट पत्रा ॲस्बेस्टॉसचा असतो. तो फोडायचा, कापायचा, वरून फेकायचा नाही. पाणी मारून ओला करायचा, हुक सोडवून अख्खा उतरवायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. भंगारवाल्याला देऊन टाकतो असं ठेकेदार म्हणाला तर थांबवा. विल्हेवाटीचं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीतल्या कार्यालयात आधी विचारून ठेवा. माणसाच्या वजनाने हा पत्रा अचानक फुटतो, म्हणून फळ्या, हार्नेस आणि जीवनदोरी हवीच. कामगारांच्या विम्याची प्रत भेटीतच मागा.

दुसरी गोष्ट सहसा कुणी काढत नाही. तुमच्या छपरावर आज सिमेंट पत्र्याचं साधारण साडेआठ टन वजन आहे. धातूचा पत्रा पावणेतीन टनांच्या आसपास. कैच्यांवरचा भार हलका झाला, पण वारा छप्पर वर उचलायला बघतो तेव्हा त्याला दाबून ठेवणारं वजनही गेलं. वळवाच्या वाऱ्यात कडेचे पत्रे आधी उडतात ते याच कारणाने. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पर्लिन-कैचीचे जोड आणि पायाचे बोल्ट भारतीय मानक आयएस ८७५ भाग ३ च्या वाऱ्याच्या भाराला तपासून घ्या. वळचण, रिज आणि दोन्ही टोकांच्या पट्ट्यात प्रत्येक उंचवट्याला स्क्रू. पुढे सोलर बसवायचं असेल तर त्याचं वजन याच तपासणीत धरायला सांगा.

मायक्रोमीटर
पैशांचं थोडक्यात. आगाऊ, माल जागेवर आल्यावर, काम संपल्यावर असे हप्ते. पाच ते दहा टक्के एक पावसाळा पार पडेपर्यंत हातात ठेवा आणि हे पहिल्याच भेटीत बोला. रंगाची वॉरंटी पत्रा कंपनीची असते, गळतीची ठेकेदाराची, दोन्ही वेगळ्या कागदावर. जीएसटी १८ टक्के रेटमध्ये धरलाय की वर, तेही.

एप्रिल-मेमध्ये काम असेल तर एका दिवसात झाकता येईल तेवढाच भाग उघडायचा, ही अट लेखी घ्या. ताडपत्री कुणाची आणि वळीव आला तर पोती हलवायला माणसं कुणाची, तेही त्याच कागदावर.

हळद_गोदाम
शेजाऱ्यांशी आजच बोललो, ते भेटीला येतायत. पन्हळीची रुंदी-खोली मोजून उद्या इथे टाकतो.

पन्हळ_आणि_पाइप
मोजताना दोन्ही टोकांना आणि मध्यावर मोजा, आणि पाणनळी लावून तळाची लेव्हल घ्या. मध्य खाली बसला असेल तर पाइप वाढवून भागणार नाही, पन्हळीखालचे ब्रॅकेट आधी उचलावे लागतील.