कंदाहारहून आलेल्या पत्रांतला मयवंद कोण?

पंचवटीकर :
आमचे खापरपणजोबा अफगाण मोहिमेच्या वेळी रसदखात्यात कारकून म्हणून कंदाहारला होते. तेथून त्यांनी वडिलांना पाठवलेली अकरा मोडी पत्रे पंचवटीतल्या जुन्या घराच्या फडताळात सापडली. शके १८०२, आषाढ शुद्ध एकादशीच्या पत्रात ते तिथल्या डाळिंबांचे वर्णन करतात आणि धाकट्या भावाच्या मुंजीची हकीकत विचारतात. त्यानंतरचे पत्र थेट भाद्रपद शुद्ध पंचमीचे. त्यात ‘मयवंदास मोठा घात जाहला, ईश्वरे रक्षिले’ एवढे लिहून ते लगेच गंगेला पूर किती चढला याची चौकशी करतात. मयवंद हा त्यांचा सोबती असावा, असे घरात मानतात. तो कोण असेल? मधली पत्रे गहाळ झाली असतील का?

मोडीवाचक :
मयवंद हा माणूस नव्हे, गाव आहे. आपण ‘पुण्यास’ म्हणतो, तसेच हे ‘मयवंदास’, म्हणजे मैवंद येथे. कंदाहारच्या पश्चिमेला असलेल्या या गावाजवळ २७ जुलै १८८० रोजी, म्हणजे त्या एकादशीनंतर नऊ-दहा दिवसांनी, अयूबखानाने इंग्रजी फौजेचा पराभव केला. मुंबई इलाख्याच्या पलटणींची त्यात फार हानी झाली. उरलेली फौज कंदाहारच्या तटाआड शिरली, शहराला वेढा पडला, आणि काबूलहून चालत आलेल्या रॉबर्ट्सच्या फौजेने १ सप्टेंबरला अयूबखानाला हरवले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. भाद्रपद शुद्ध पंचमी त्यानंतर आठवडाभराने येते. त्यामुळे मधली पत्रे गहाळ झाली नसावीत, ती निघालीच नसावीत. नाशकात त्या दिवसांत टपालाची वाट पाहणाऱ्या वडिलांचे काय झाले असेल, याचा विचार मनातून जात नाही.

गंगाकाठ :
एक विचारतो. भाद्रपदातले पत्र बंद लखोट्याचे आहे की कार्ड? पाव आण्याचे पोस्टकार्ड आपल्याकडे जुलै १८७९ मध्ये निघाले. कार्ड असेल, तर वाटेतला कोणीही ते वाचू शकेल हे जाणूनच त्यांनी हात आखडता घेतला असावा. पत्रांना चिकटपट्टी मात्र कृपया लावू नका. कागद कायमचा खराब होतो.

पंचवटीकर :
दोघांचाही मनापासून आभारी आहे. आत्ताच पाहिले, ते कार्डच आहे. जेमतेम नऊ ओळी, आणि शेवटची ओळ कडेने आडवी लिहिलेली. आषाढातले पत्र मात्र दोन्ही बाजूंनी भरलेले आहे. आश्विन वद्यातले पत्र बंद लखोट्याचे, चार पानी. अक्षर फार बारीक असल्याने ते आजवर कोणी लावले नव्हते. आपले उत्तर वाचून भिंग घेऊन बसलो. तिसऱ्या ओळीत मयवंद आहे, आणि पुढे पानभर तोच शब्द पुन्हा पुन्हा येतो. मोडीवाचक, आपण नाशकात असाल, तर हे पत्र घेऊन मी आपल्याकडे येऊ का?