मदत हवी आहे: जुन्या मागांचं शिल्प करायचंय, जागा मिळेल, पैसे कुठून आणू?

कांडीवालीची_लेक

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत राहते, शाळेत चित्रकला शिकवते. वडील जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, आई मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढं गावाला झोप लागायची ती खडखडाटातच. रात्री लाईट जाऊन माग थांबले की आम्ही पोरं दचकून जागी व्हायचो.

आता रेपियर, एअरजेट असे बिनधोट्याचे वेगवान माग आले आणि साधे माग टेम्पोत भरून भंगारात किलोवर चाललेत. गेल्या दिवाळीआधी आमच्या गल्लीतल्या एका खर्चीवाल्यांनी (दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्यांनी) बारा माग एका दिवसात काढले. त्यातला एक धोटा, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडं नेणारा लाकडी तुकडा, मी मागून घेतला. तिथून डोक्यात किडा वळवळतोय.

महापालिकेच्या एका बागेत जुन्या मागांचे सांगाडे, फण्या, धोटे जोडून बारा फुटी शिल्प उभं करायचं. रेखाटन नववीच्या पोरांनी केलंय. पाटीवर कुणाचं नाव नको, फक्त कामं: जॉबर, कांडीवाली, वहिफणीवाला, सायझिंगवाला, दिवाणजी, हमाल. बागेच्या जागेला अधिकारी तोंडी 'हो' म्हणालेत.

अंदाजपत्रक ४ लाख ७० हजारांचं: जोडकाम ३ लाख १० हजार, पाया आणि दिवे १ लाख २० हजार, बाकी रंग-वाहतूक. गल्लीतून वर्गणी जमली ८६,५००. अडलंय ते पुढं. एक गृहस्थ सगळी रक्कम एकरकमी द्यायला तयार आहेत, पण शिल्पासमोर त्यांच्या वडिलांचा अर्धपुतळा हवा. दुसरीकडून निरोप आला की निधी मिळेल, फलकाचा आकार आम्ही सांगू.

ज्यांनी असं काही गावात केलंय त्यांनी सांगा, फलकाच्या अटीशिवाय पैसा कुठून येतो? कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे समाजकामासाठीच्या सक्तीच्या खर्चाबद्दल, नुसतं ऐकून आहे.

हिशेबनीस

ताई, आधी एक रागवून विचारतो. ८६,५०० कुणाच्या खात्यात आहेत? फोनपेवर तुमच्याच असतील तर आजच थांबवा. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयात कलम ४१ क खाली जावं लागतं. गणपती मंडळं दरवर्षी घेतात तीच परवानगी. उद्या कुणी हिशेब मागितला की शिल्प राहील बाजूला.

आता सीएसआर. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो. म्हणजे खर्चीवाल्यांकडं जाऊ नका, मोठ्या सूतगिरण्या आणि प्रोसेसवाले बघा, तेही कंपनी म्हणून नोंदलेले. हा पैसा कशावर खर्चता येतो त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. त्यात कला-संस्कृती आहे, पारंपरिक कला आहेत आणि सार्वजनिक वाचनालयंही त्याच कलमात आहेत. म्हणून म्हणतो, नवा ट्रस्ट काढत बसू नका. बाहेरच्या संस्थेला आयकराच्या १२ए, ८०जी, सीएसआरचं काम घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. गावातल्या जुन्या वाचनालयाला हे कागद आहेत का विचारा आणि त्यांच्यामार्फत प्रस्ताव द्या.

तुमच्या मनासारखी गोष्ट म्हणजे, मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही. कंपनी मोठा फलक मागायला लागली तर हा नियम नम्रपणे पुढं करा.

बिडाचा_माणूस

तीस वर्षं फौंड्रीत काढली. ३ लाख १० हजारांचा आकडा ज्यानं दिला त्यानं मागाची बाजू बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, असते हे धरलंय का? बिडाला साधी वेल्डिंग केली की आज धरते आणि थंड झाल्यावर तडा जातो. निकेलचा रॉड लागतो, तो महाग. त्यापेक्षा मागाला मुळातच भोकं आहेत, नटबोल्टनंच जोडा. आत लोखंडी चॅनेलचा सांगाडा घाला आणि बिडाचे भाग त्यावर टांगा. खर्च बराच उतरेल, बारा फुटाखाली पोरं खेळणार आहेत तेही सुरक्षित राहील.

आणि पैसे कशाला मागताय, माग मागा! रोख द्यायला हात आखडतो. 'तुमच्या कारखान्यातला एक माग द्या' म्हटलं तर म्हातारा मालक स्वतः टेम्पो घेऊन येईल.

बोरीबंदर

महापालिकेकडं शिल्पासाठी पैसे मागू नका, हा अनुभवाचा सल्ला. निविदा निघते, सगळ्यात कमी दरवाला येतो आणि फायबरचं हरीण बसवून जातो. त्यांच्याकडं पाया, दिवे, वीजजोडणी मागा. ही कामं त्यांच्या सवयीची आहेत. तुमचे १ लाख २० हजार तिथं सुटतील.

अर्धपुतळ्याला साफ नाही म्हणा. पुतळ्यांसाठी सरकारची वेगळी परवानगी लागते, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यताही. रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे नकोत असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा आदेश आहे. सुशोभीकरणाला त्यातून सूट आहे, म्हणून प्रस्तावात शब्द जपून वापरा. तोंडी 'हो' वर काही उभं करू नका. ठराव घ्या, आणि देखभाल कुणाची तेही त्यात लिहून घ्या.

मुंबईतल्या काळा घोडा पुतळ्यावर पूर्वी इंग्रज राजा स्वार होता; २०१७ साली काळा घोडा परत आला तो बिनस्वाराचा, आणि बसवला तो काळा घोडा असोसिएशननं. वर राजा नाही म्हणून कुणाचं काही अडलं नाही.

कांडीवालीची_लेक

हिशेबनीस दादा, माझ्याच खात्यात आहेत. कान पकडले. सोमवारी धर्मादाय कार्यालयात जाते.

माग मागायची कल्पना काल दोघांना सांगून बघितली. एकांनी लगेच दिला. दुसरे म्हणाले, देतो, पण माग नंबर सातच घ्या, त्यावर माझी बायको बसायची. शनिवारी मोजमाप घ्यायला जातोय.

बिडाचा_माणूस काका, तुम्ही कोल्हापूर भागातले असाल तर एक रविवार याल का? जोडणी कुठून धरायची ते पोरांना समोर दाखवायला कुणीतरी हवंय. चहा-भडंग आमच्याकडं.